टीमला मालक असतोय व्हय?

माझं पेठ वडगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या मोटरी जळल्या की आसपासचे शेतकरी त्या माझ्याकडं आणतात. फेब्रुवारी-मार्चात उसाच्या पाण्याची घाई असते आणि दुकानात जेवायला फुरसत मिळत नाही. तरी 7 मार्च 2018 ला, बुधवारी, मी सकाळी अकरालाच शटर ओढलं, वाठार फाट्यावर आलो आणि मुंबईकडं जाणारी गाडी धरली. बायपासनं जाणारी गाडी मिळाली की बालेवाडीचं स्टेडियम रस्त्यापासून जवळच पडतं. त्या रात्री तिथं एफसी पुणे सिटीची बंगळूरशी इंडियन सुपर लीगची सेमीफायनल होती. क्लबच्या इतिहासातली पहिलीच.

मॅच शून्य-शून्य सुटली. विशाल कैथ गोलात उभा होता, पुढं मार्सेलिनो आणि अल्फारो, पंखावर आशिक. बंगळूरचा संघ लीगमध्ये पहिला आला होता, आमचा चौथा, आणि नव्वद मिनिटं आम्ही त्यांना गोल करू दिला नाही. नारंगी जर्सी घातलेल्या माणसांनी सगळा वेळ उभं राहून ओरडून घसे बसवून घेतले. माझ्या शेजारी चिंचवडचा माझा मावसभाऊ आणि त्याची नऊ वर्षांची पोरगी होती. तिनं गालावर नारंगी रंग लावला होता आणि घामानं तो मानेपर्यंत उतरला होता. रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे वाठारला उतरलो आणि सात वाजता दुकान उघडलं. चारच दिवसांनी बंगळुरात आम्ही 3-1 हरलो. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. वाईट वाटलं, पण त्या हरण्यात लाज नव्हती. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही फोनवर एकमेकांना म्हणालो.

पुढचं वर्ष आलं, संघ सातवा आला, आणि त्याच्या पुढचं वर्ष आलंच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाली आणि लीगमधली तिची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. ही बातमी मी मोबाईलवर वाचली, हातात तांब्याच्या तारेचं बंडल असताना.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे, आणि ती समजायला आधी कोल्हापूरचं फुटबॉल समजून घ्यावं लागेल.

माझं आजोळ मंगळवार पेठेतलं. लहानपणी सुट्टीत मामा मला शाहू स्टेडियमवर न्यायचे. वडगावातून एसटीनं कोल्हापूर, तिथून चालत पेठेत, आणि दुपारी चारच्या आत पायऱ्यांवर जागा धरायची. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, खंडोबा ही टीमची नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 ची, पण पेठेतल्या माणसाला विचाराल तर त्याच्यासाठी फुटबॉल त्याच्या तालमीइतकं जुनं असतं. तालमीत लाल मातीचा हौदा, बाजूला मारुती, भिंतीवर जुन्या टीमचे फोटो. कुस्तीची जागा होती, फुटबॉलचीही झाली. ईर्ष्या अशी की मॅचच्या आठवड्यात सख्खे साडू एकमेकांशी बोलत नाहीत.

2017 च्या हिवाळ्यात मी मामांकडं गेलो होतो तेव्हा अंगात पुणे सिटीची नारंगी जर्सी होती. मामा तेव्हा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी जर्सी हातानं चाचपून बघितली आणि विचारलं, "ही कुठली रं टीम?" मी सांगितलं. कोण खेळतं, कोच कोण, मालक कोण, सगळं सांगितलं. मामा मधेच थांबवून म्हणाले, "मालक? टीमला मालक असतोय व्हय?"

मी म्हणालो, "मामा, आता असतो. पैसे कोण घालणार?"

"पैसे घालणारा देणगीदार. मालक कशाचा?"

तेव्हा मला वाटलं होतं, मामा जुन्या काळचे आहेत. दोन वर्षांनी कळलं, बरोबर त्यांचंच होतं.

पुण्याचं काय झालं ते एकदा सलग बघा. 2014-15 च्या हंगामात पुण्यात देशाच्या वरच्या पातळीवरचे तीन फुटबॉल क्लब होते. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 पासून खेळत होता आणि 2012-13 ला तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, दुसरा आला होता. कल्याणी समूहाचा भारत एफसी त्याच वर्षी नव्यानं उतरला होता. आणि इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, एफसी पुणे सिटी. 2015 च्या उन्हाळ्यात पहिले दोन गेले, भारत एफसी तर एकाच हंगामात. त्यांच्या जागी डीएसके शिवाजीयन्स आला, दोन हंगाम आय-लीग खेळला आणि 2017 मध्ये बाहेर पडला. 2019 ला एफसी पुणे सिटी. पाच वर्षांत चार क्लब गेले, आणि लाखो माणसांच्या त्या शहरात वरच्या पातळीवरचा एकही क्लब उरला नाही. मुंबईनं तर त्याआधीच महिंद्रा युनायटेड गमावली होती. 1962 पासूनची टीम, 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेली, 2010 ला बंद.

यातल्या प्रत्येक वेळी कारण होतं, हे मी मान्य करतो. क्लब चालवायला वर्षाला कोट्यवधी रुपये लागतात आणि तिकिटांतून त्याचा लहानसा भागही निघत नाही. देशाच्या फुटबॉल महासंघाच्या धोरणात उद्या काय होईल याचा भरवसा नव्हता. आयएसएल आल्यावर आय-लीगच्या क्लबांना आपण खालच्या पायरीवर ढकलले गेलो असं वाटलं, आणि ते खरंही होतं. पुणे सिटीचे मालक वाधवान समूहातले. त्यांची गृहकर्ज देणारी कंपनी डीएचएफएल 2019 च्या जूनमध्ये हप्ते चुकवू लागली आणि नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. ज्या घराची भिंतच पडली त्या घरातला देव्हारा कसा राहील, असं कुणी म्हणेल.

पण देव्हारा त्या भिंतीवर बांधला कुणी? एका उद्योगाचं कर्ज बुडालं म्हणून एका शहराची टीम बुडावी, अशी रचना ज्यांनी केली त्यांना मी दोष देतो. तालीम हरते, तालीम खालच्या गटात जाते, एखाद्या वर्षी पैसे नसतात तर पोरं स्वतःच्या बुटात खेळतात. पण उद्या मंगळवार पेठेची टीम इचलकरंजीला हलवली, नाव बदललं, असं झालेलं मी ऐकलेलं नाही. होऊच शकत नाही, कारण हलवण्याचा अधिकार कुणाच्या एकट्याच्या हातात नाही.

तालमींचं फुटबॉल निर्मळ आहे असा माझा दावा नाही. शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजी होते, दगड पडलेले मी बघितले आहेत, पोलीस मॅच थांबवतात. परदेशी खेळाडू आणायची चढाओढ लागली आहे आणि त्यात पेठेतल्या पोरांची जागा जाते. निवडणूक जवळ आली की देणगीदारांची गर्दी होते आणि संपली की ती ओसरते. हे सगळं सुधारायला हवं आणि मी ते कोल्हापुरात तोंडावर बोलतो. तरीही पेठ आपल्या टीमला जाब विचारू शकते. मॅच हरली की रात्री तालमीच्या कट्ट्यावर पदाधिकाऱ्याला बसवून विचारतात, कोच का बदलला, अमक्याला का बाहेर बसवलं. बालेवाडीच्या स्टँडमधल्या माणसाला असा कट्टा नव्हता. पाच हंगामांत कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राऊन अशी कोचची नावं बदलत गेली. आम्ही नवं नाव पाठ केलं आणि टाळ्या वाजवल्या. 2018-19 मध्ये तर हंगाम नीट सुरू होतो न होतो तोच कोच गेला.

आता हैदराबादचं ऐका, कारण तिथल्या माणसांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांना टीम मिळाली, त्यांनी ती प्रेमानं सांभाळली. 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादनं केरळला पेनल्टींवर हरवून कप जिंकला, आणि गोव्याच्या कट्टीमणीनं त्या पेनल्टी अडवल्या. त्या टीममध्ये आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला. मी त्या रात्री दुकानात टीव्ही लावून बसलो होतो. अनिकेतसाठी आनंद झाला आणि तो कप पुण्यात आला असता हे मनातून जाईना.

त्यानंतर काय? दोन वर्षांत हैदराबादच्या खेळाडूंचे पगार थकले, खेळाडू करार सोडून गेले, 2023-24 ला कप जिंकलेली टीम तळाला आली. मालक बदलले. आणि 2025 मध्ये तीच टीम दिल्लीला नेली गेली, नावही बदललं, स्पोर्टिंग क्लब दिल्ली. दिल्लीची आधीची टीम, दिल्ली डायनॅमोज, 2019 च्या त्याच उन्हाळ्यात ओडिशाला गेली होती ज्या उन्हाळ्यात आमची बंद पडली. म्हणजे सहा वर्षांत एक जागा पुण्याहून हैदराबादला, हैदराबादहून दिल्लीला. बदलीच्या नोकरीतल्या माणसालासुद्धा पोरांची शाळा सुटेपर्यंत मुदत मागता येते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या ओकलंड शहरात ॲथलेटिक्स नावाची बेसबॉलची टीम होती. आपल्याकडं बेसबॉल फारसं कुणी बघत नाही, मीही बघत नव्हतो. पुणे सिटी गेल्यावर टीम गमावलेल्या शहरांबद्दल वाचू लागलो तेव्हा तिथं पोचलो. ही टीम 1901 ला फिलाडेल्फियात सुरू झाली, 1955 ला कॅन्सस सिटीला गेली, 1968 ला ओकलंडला आली. तिच्या नऊ अजिंक्यपदांपैकी चार ओकलंडची, 1972, 73, 74 आणि 1989 ची. अलीकडं मालक जॉन फिशर यांनी चांगले खेळाडू एकामागून एक सोडले, टीम हरू लागली, प्रेक्षक कमी झाले, आणि मग प्रेक्षक येत नाहीत हेच कारण पुढं करून टीम लास व्हेगासला हलवायची तयारी सुरू झाली.

तेव्हा तिथल्या समर्थकांनी बहिष्काराच्या उलट केलं. 13 जून 2023 ला, मंगळवारच्या एका साध्या मॅचला, 27 हजारांवर माणसं आली. अनेकांच्या हिरव्या शर्टांवर एकच शब्द होता: विका. मालकाला उद्देशून. आम्ही येत नाही असं म्हणता ना, बघा, आम्ही आलोय, अडचण आमच्यात नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. त्या रात्री टीम जिंकली, सलग सातव्यांदा. तरी काही उपयोग झाला नाही. 26 सप्टेंबर 2024 ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली आणि पुढच्या हंगामापासून टीम सॅक्रामेंटोजवळच्या एका लहान मैदानावर खेळायला लागली, व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत. त्या शेवटच्या दिवशी लोकांनी मैदानातली माती कपात भरून घरी नेल्याचे फोटो मी बघितले. तालमीतल्या हौद्याची माती कपाळाला लावणाऱ्या माणसाला ते फोटो समजावून सांगावे लागत नाहीत.

क्रिकेटवाल्यांनाही हे समजावून सांगायला नको. पुण्यानं आयपीएलमधली सहाराची वॉरियर्स बघितली आहे. 2010 मध्ये 37 कोटी डॉलर मोजून घेतलेली टीम 2013 ला पैशांच्या भांडणात गेली, आणि गहुंज्याच्या स्टेडियमला दिलेलं नावही थकबाकीपायी उतरलं. नंतर दोन वर्षांसाठी आलेली सुपरजायंट 2017 च्या फायनलमध्ये मुंबईकडून एका धावेनं हरली आणि मुदत संपली म्हणून मिटली. मुदतीची टीम. त्या एका धावेसाठी रडलेल्या पोरांना मुदत म्हणजे काय हे कुणी सांगितलं होतं?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते इतिहासाचं. ओकलंडच्या माणसाकडं निदान चार अजिंक्यपदांचा हिशोब आहे, तो टीमच्या नावावर चालू राहतो. पुणे सिटीचे पाच हंगाम कुणाच्या खात्यात आहेत? हैदराबादची मोजणी 2019 पासून सुरू झाली, ते रास्तच आहे, तो वेगळा क्लब होता. दिल्लीची मोजणी दिल्लीपासून होईल. पुणे एफसीचं 2012-13 चं दुसरं स्थान, महिंद्राची 2005-06 ची लीग, डीएसकेचे दोन हंगाम, यांचा वारस कुणीच नाही. पेठेतल्या तालमीच्या भिंतीवर पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो असतो आणि त्यातल्या गोलकीपरचा नातू तोच फोटो दाखवून आजोबांची ओळख करून देतो. बालेवाडीत मी दाखवू शकेन अशी कुठली भिंत आहे?

उपाय नाहीत असंही नाही. जर्मनीत 1998 पासून नियम आहे की क्लबच्या मतदानात सभासदांचं बहुमत राहिलं पाहिजे, थोड्याफार अपवादांसह. स्पेनमध्ये बार्सिलोना आणि रेआल माद्रिद आजही सभासदांचे आहेत. इंग्लंडमध्ये 2002 ला विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढला. खालच्या स्थानिक लीगपासून सुरू करून 2011 पर्यंत तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि 2020 ला आपल्या जुन्या वस्तीत, प्लाव लेनवर, स्वतःच्या मैदानात परत आला. त्या देशात 2025 मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबनं मैदान विकायचं किंवा सोडायचं तर परवानगी घ्यावी लागेल, बोधचिन्ह किंवा रंग बदलायचे तर समर्थकांचं मत घ्यावं लागेल. इंग्लंडमध्ये हे फुटबॉलवेड्यांनी पेपरात लिहून, सभा घेऊन, खासदारांच्या मागं लागून मिळवलं आहे.

आपल्याकडं आत्ता याची वेळ आहे. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 चा 15 वर्षांचा करार 2025 मध्ये संपला, त्या आधीच जुलैत लीग स्थगित झाली होती आणि देशभरातले खेळाडू पगाराच्या काळजीत घरी बसले. जुनी घडी मोडली आहे, नवी बसवायची आहे. ती बसवताना काही अटी घाला, असं माझं महासंघाला आणि राज्याच्या फुटबॉल संघटनेला सांगणं आहे.

क्लबचं नाव, रंग आणि इतिहास शहराच्या नावानं नोंदवा, मालकाच्या नावानं नको. मालकाला पैसे घालायचे नसतील तर त्याला अडवू नका, पण एक पूर्ण हंगाम आधी नोटीस द्यायला लावा आणि त्या काळात समर्थकांना, स्थानिक उद्योगांना, महापालिकेला वाजवी किमतीत क्लब घेण्याची पहिली संधी द्या. संचालक मंडळावर नोंदणी केलेल्या सभासदांतून निवडून आलेली दोन माणसं बसवा. आणि अकादमीतल्या मुलांसाठी दोन वर्षांचा खर्च बँकेत ठेव म्हणून घ्या, क्लब सुरू व्हायच्या आधी. मोठ्या खेळाडूला दुसरा क्लब मिळतो. वसतिगृहात राहणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराची ट्रंक कुठं जाणार याचं उत्तर आधी लिहून घेतलं पाहिजे.

उद्योगपती अशा अटींवर येणार नाहीत, असं मला एका ओळखीच्या माणसानं सांगितलं. येऊ देत, नाही तर नको. जो मालक एका हंगामाची नोटीस द्यायला तयार नाही, तो पाचव्या वर्षी काय करणार हे आम्हाला माहीत आहे. पुण्यानं असे चार बघितले.

मामा 2021 मध्ये गेले. त्यांच्या घरी तालमीचा जुना स्कार्फ अजून खुंटीला आहे. माझी नारंगी जर्सी दुकानात कपाटात आहे, वार्निशचा डाग पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. मावसभावाची पोरगी आता मोठी झाली, शाळेच्या टीममध्ये डावीकडून खेळते.

वाचकांपैकी कुणाकडं पुणे एफसी, महिंद्रा युनायटेड, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स किंवा एफसी पुणे सिटीची तिकिटं, स्कार्फ, मॅचचे फोटो असतील तर ते रद्दीत टाकू नका. मागं तारीख आणि मॅच लिहून ठेवा. हा इतिहास आता फक्त आपल्याच घरांत उरला आहे.